बाबांना धाडलेलं फूल

आमच्या सोनाळ्याच्या स्टँडवर शेगावची एसटी लागली तेव्हा माझ्याकडे दोनच गोष्टी होत्या. हातात कपड्यांची बॅग आणि डोक्यात तत्त्वज्ञानाची बी.ए. बॅग बाबांनी वर चढवून दिली, डिग्रीच्या वाटेला गेले नाहीत. कापसाच्या जिनिंगमध्ये कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस. खिडकीखाली उभे राहून एवढंच म्हणाले, "पुन्यात कोनी इचारनार नाही तुले. सोताच सोताले इचारत जाय, जेवला का बे म्हनून."

गाडीतले हसले. मीही हसलो. 'मी कोण?' या प्रश्नावर पानंच्या पानं लिहून पास झालेल्या पोराला असला सल्ला! गाडी वळेपर्यंत मी जाणिवेच्या स्वरूपाचा विचार करत होतो. वळल्यावर जाणीव झाली की डबा बाबांच्याच हातात राहिला.

गावात राहिलेल्या मंडळींनो, तुम्हाला हे सांगायची गरज नाही. पण माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांना आठवण करून देतो. आपल्याकडे संध्याकाळी कोणाच्या दारावरून जाताना "झालं का जेवन?" असं विचारायचं असतं आणि आतून "हाव, या जेवाले" असं यायचं असतं. जेवायला कोणी जात नाही. पण विचारलं नाही, तर दुसऱ्या दिवशी "काऊन बे, फुगला का?" अशी चौकशी होते.

पुण्यातल्या पहिल्याच आठवड्यात लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरचे काका भेटले. मी सवयीने म्हणालो, "काय काका, झालं का जेवण?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही मी त्यांच्या फ्रीजमध्ये हात घातला. "का? तुम्हाला काय करायचंय?" त्याच दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर सूचना आली : काही भाडेकरू रहिवाशांना खाजगी प्रश्न विचारत आहेत, कृपया टाळावे. खाली अंगठ्यांची रांग लागली. मीही एक अंगठा दिला. कोण असतात बुवा असे लोक, असं मला खरंच वाटलं होतं.

आणि याच शहरात मला नोकरी कसली मिळावी? मनःशांतीचं एक अ‍ॅप आहे, त्याच्यासाठी सुविचार लिहायची. 'अर्थ सापडत नसतो, तो घडवावा लागतो.' 'तू ज्याला शोधतोस, तो तूच आहेस.' अशी वाक्यं मी चहा पिता पिता पाडतो. लोक ती डोळे मिटून ऐकतात. सुरुवातीला मला फार अभिमान होता. इतका, की आई गेल्यावर गावी गेलो तेव्हा बाबांच्या फोनमध्ये ते अ‍ॅप मीच टाकून आलो. एकट्या माणसाला आधार होईल म्हणे!

एका संध्याकाळी बाबांचा फोन आला. आवाज तापलेला. "हे कोन लिहिते बे? म्हनते, एकांत ही स्वतःला भेटण्याची संधी आहे! अरे, तुही माय गेल्यापासून मी सोतालेच भेटून राह्यलो. सकाळी बी मीच, संध्याकाळी बी मीच. संध्याकाळची भाकर बी बंद केली म्या. कोन्यासाठी चूल पेटवू?"

ते वाक्य माझंच होतं. मी म्हणालो, "असेल कोणीतरी रिकामटेकडा."

फोन ठेवला आणि माझं डोकं फिरलं. स्वतःला शोधा, स्वतःला शोधा! अरे, हरवलंय कोण? 'मी' हा शब्द तरी कोणी एकट्याने शिकतं का? आधी कोणीतरी 'तू' म्हणावं लागतं. मी आहे, हे मला कुठल्या ग्रंथाने सांगितलं नाही. बाबांच्या 'बे'ने सांगितलं. आणि तो 'बे' ज्यांनी दिला, ते तिकडे एका वेळच्या जेवणावर आले होते. मी इकडे एकांताचे गोडवे गात बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी रात्री आठचा सुविचार माझ्याच ताब्यात होता. तो खोडला आणि त्या जागी टाकलं : 'जेवला का बे?' एकट्या बाबांना पाठवायची सोय त्यात नाही, म्हणून सगळ्यांनाच गेलं.

'आज काय जाणवलं?' असा एक रकाना खाली असतो. एरवी तो ओस पडलेला. त्या दिवशी भरला. कोणी लिहिलं, 'तोंड सांभाळून बोला.' कोणी लिहिलं, 'नाही. घरी कोणी नाही.' एका बाईंनी लिहिलं, 'खिचडी टाकलीय, या.' आणि त्यातच सोनाळ्याहून उत्तर : 'नाई. टाकतो आता. पिठलं करतो. तुनं काय खाल्लं?'

माझे डोळे भरून येणार, एवढ्यात अ‍ॅपच्या यंत्राने त्यांना परस्पर उत्तर दिलं : 'अभिनंदन! आज तुम्ही स्वतःशी संवाद साधलात.' सोबत गुलाबी फूल.

लगेच फोन. 'बे'वरून त्यांनी मला ओळखलं होतं. "काऊन बे, म्या तुले इचारलं काय खाल्लं, अन् तू मले फूल धाडलं? तिथं फुलं खाऊन राह्यला का?"

ऑफिसात माझी खरडपट्टी निघेल असं वाटलं होतं. कसलं काय! आमच्या तन्वी मॅडम खुश. "लोक उत्तर देतायत! फक्त तो 'बे' काढू, थोडं क्लीन करू आणि रोज पाठवू."

"उत्तर देतायत, पण ऐकतंय कोण?" मी जरा जोरातच म्हणालो.

"सिस्टिम आहे ना!"

आता रोज आठला जातं : 'आज आपलं भोजन झालं का?' मागोमाग फूल. जो प्रश्न मी लिफ्टमध्ये तोंडाने विचारला तर खाजगी ठरतो, तोच यंत्राने विचारला की त्याला 'स्वतःची काळजी' म्हणायचं! मी राजीनामा तोंडावर फेकला, असं इथे लिहायला मला फार आवडलं असतं. फेकला नाही. अजून सुविचार पाडतो. फक्त एकांतावर लिहायला सांगितलं की त्या दिवशी माझं पोट बिघडतं.

घर म्हणजे काय, यावर मला अजून एकही धड वाक्य सुचलेलं नाही. आठ वाजता ताट पुढ्यात घेतो आणि फोन लावतो. "जेवले का बाबा?" पलीकडे भाकरी थापल्याचा आवाज. "बसतोच आता. ये जेवाले." मी जात नाही. पण ज्या दिवशी मला मीटिंगमुळे उशीर होतो, त्या दिवशी त्यांची भाकरीही थांबलेली असते.

परवा मी म्हणालो, "बाबा, ते अ‍ॅप काढून टाका आता."

"काढलं कवाच," ते म्हणाले. "त्या फुलवाल्याले सांगजो, मले इचारत नको जाऊ म्हना. माहा पोरगा इचारते."