माईककाकांचं एक मिनिट

उजव्या हाताचं एक बोट वर, डाव्या हाताने माईकच्या डोक्यावर दोन टिचक्या, आणि मग, "एक मिनिट." आमच्या माईककाकांचं कोणतंही बोलणं असंच सुरू व्हायचं. ते एक मिनिट संपताना ज्याने पाहिलं आहे, असा माणूस मला लाखनी तालुक्यात अजून भेटायचा आहे.

माझं हायवेच्या कडेला लाइट-साउंडचं दुकान आहे. लग्न, जयंती, दिवाळीनंतरची मंडईची जत्रा, शंकरपट, नाटक, जिथे उजेड आणि आवाज लागतो तिथे माझी गाडी जाते. मी डबे उतरवायच्या आत काका तिथे हजर असायचे. त्यांना कोणी बोलावलं, हे मी कधी विचारलं नाही, कारण कोणी बोलावलेलं नसायचंच. तुमच्याही गावात असा एक असेल पाहा. हातात माईक आला की तो परत देताना ज्याचा जीव जातो, तो.

काका जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले. तिथे म्हणे ते अशा खात्यात होते की घरी बायकोलाही काय काम करतो ते सांगायची सोय नव्हती. नोकरीभर माणूस गप्प राहिला आणि पेन्शन सुरू झाल्याबरोबर साठलेलं सगळं आमच्या अंगावर सोडलं. पांढरा सफारी, खिशात दोन पेन, आणि डोक्यात अख्ख्या तालुक्याची मतदार यादी. ती यादी ते वापरायचेही.

शंकरपटात हे फार दिसायचं. बैलांची जोडी धावायची ती पट्टी सरळ, दोन्ही बाजूंनी दोर, आणि लोक दोराच्या आत. शिपाई शिट्ट्या फुंकून थकायचा, कोणी हलायचं नाही. मग काकांचं बोट वर जायचं. दिघोरीचे अमुक, त्यांच्या वडिलांचं नाव, आडनाव, सोबत त्यांचे साळे, निळा शर्ट, दोन पावलं मागे या. आणि तो दिघोरीवाला, जो शिपायाच्या काठीला भीत नव्हता, तो लाजत लाजत मागे सरकायचा. वर साळ्याकडे असं बघायचा की जणू पहिला नंबर त्यालाच मिळाला.

मी एकदा म्हटलं, काका, नुसतं 'निळा शर्ट, मागे हो' म्हटलं तर नाही का चालत? त्यावर त्यांनी मला जे सांगितलं ते मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

"अर्धं नाव घेतलं तर अर्धाच माणूस ऐकते गा. पूरं नाव घेतलं का माणूस जागचा हालत नाई, अन् हाललाच तर मागं हालते."

तत्त्वज्ञान ठीक आहे, पण जोडी धावून, पाणी पिऊन, गोठ्यात पोचली तरी काका तिच्या मालकाच्या आजोबांपर्यंत पोचलेले नसत. लोक कंटाळून चिवडा खायला जायचे. नाटकाच्या रात्री पडदा उघडायच्या आधी काकांचे आभार सुरू झाले की हिरॉइन आत डुलकी काढून घ्यायची. आम्ही सगळे त्यांची नक्कल करायचो. मी सगळ्यात छान करायचो.

दोन दिवाळ्यांआधी नागपूरची एक कंपनी आमच्याकडे मोटारसायकलची रेस घेऊन आली. साधीसुधी नाही, रात्रीची. आमच्याकडची पोरं रात्री हायवेवर ट्रकांच्या मधून जी करतात ती नव्हे. पुण्या-कोल्हापूरचे, बंगळूरचे, केरळचे प्रोफेशनल रायडर. गाडीला ना लाइट, ना आरसा, ना हॉर्न. गावाबाहेरच्या पडीक जमिनीवर जेसीबीने मातीचे ढिगारे आणि खड्डे केले, आणि त्याला ट्रॅक म्हटलं. आमच्या गावचा रस्ता आयता तसाच होता, पण तो त्यांना दाखवायचं कोणाला सुचलं नाही. कंपनीची पोरं काळ्या टी-शर्टात फिरायची, पाठीवर 'क्रू' लिहिलेलं. त्यांचा मॅनेजर कानात वायर घालून स्वतःशीच बोलायचा आणि दर तिसरा शब्द 'प्रोफेशनल' म्हणायचा. अठरा खांबांवरच्या फ्लडलाइटचं काम मला मिळालं. मी दोन दिवस मान ताठ करून फिरलो, खोटं कशाला बोलू.

काका तिसऱ्या दिवशी दुकानात आले. स्टुलावर बसले. चहा घेतला नाही, म्हणजे काम मोठं होतं.

"विजेत्याचं नाव मी घेईन गा," ते म्हणाले. "बाकी काई नको मले. बैलाईचे नावं घेतले, हरवल्या छत्र्याईचे घेतले. एकदा असं घेऊ दे, का जे आयकायले लोकं दुरून येते."

कंपनीने स्वतःचा अँकर आणला होता, जेल लावलेला. मी मॅनेजरला काकांचं विचारलं. तो म्हणाला, सुरुवातीला दोन मिनिटं स्वागत करू दे अंकलला. काकांना मी 'बघू म्हणाले' एवढंच सांगितलं. त्यांनी ते 'हो' असं ऐकलं आणि चौदाही रायडरांची पूर्ण नावं मिळवून पाठ करायला घेतली. कोण जिंकेल ते आधी थोडंच माहीत असतं? केरळच्या एका पोराचं नाव चार तुकड्यांचं होतं. त्यात वडील कुठले आणि गाव कुठलं हे विचारायला त्यांनी फॅक्टरीतल्या जुन्या केरळी मित्राला फोन लावला, आणि आठवडाभर ते नाव सायकलवर म्हणत फिरले. ते मी इथे लिहीत नाही. चुकलं तर काका जिथे असतील तिथून बोट वर करतील.

आता खरी गोष्ट ऐका. ट्रॅकच्या चारही बाजूंना उशिरा पिकणारा भारी धान उभा होता, कापणीला अजून वेळ होता. उभ्या धानाशेजारी रात्री उजेड लावला की काय होतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. तुडतुडा येतो. धानाचा रस पिणारा हा किडा उजेड दिसला की बांधीच्या बांधी, म्हणजे खाचरंच्या खाचरं, रिकामी करून तिकडे उडतो. घरात एक बल्ब असला तरी जेवताना तो विझवावा लागतो, आणि इथे अठरा खांब.

हे मलाही ठाऊक होतं. मी बोललो नाही, काम हातचं जाईल म्हणून. काका मात्र बोलले. तयारीच्या बैठकीत उठले, बोट वर केलं, "एक मिनिट" म्हणाले, आणि आधी जमीनमालकाचे, मग सरपंचाचे, मग चहा देणाऱ्याचे आभार मानायला लागले. तुडतुड्यापर्यंत ते पोचले तेव्हा मॅनेजर फोन घेऊन बाहेर गेला होता. शहाण्या माणसाचा इशारा आभारात बुडाला तो असा.

रेसच्या दिवशी माणसांचा पूर आला. पार लाखांदूरकडून ट्रॅक्टर भरून लोक आले. अंधार पडला, मी मेन टाकला आणि अठरा खांब एकदम पेटले. लोकांनी 'आहाहा' केलं. मॅनेजरने माझ्या पाठीवर थाप मारली. काकांनी स्वागत सुरू केलं ते अँकरने दुसरा माईक घेऊन मध्येच तोडलं, आणि ते खाली येऊन माझ्या टेबलाशेजारी बसले. माझ्या पुढ्यात लाइटचा मेन आणि माईकचा अँप्लिफायर, दोन्ही होते. काका त्या माईककडे बघत राहिले.

पहिल्या दोन रेसा झाल्या. धूळ, आवाज, गाड्या ढिगाऱ्यावरून हवेत, लोक वेडे झाले. फायनल लागली आणि तुडतुडा आला. आधी खांबाभोवती धूर दिसावा तसा, मग अंगावर, कानात, डोळ्यांत. रायडरांच्या चष्म्यांवर थर बसला. दुसऱ्या फेरीत दोघे एकमेकांवर आदळून पडले, लाल झेंडा दाखवून सगळ्यांना थांबवावं लागलं. अँकर 'कूल राहा दोस्तांनो' म्हणायला तोंड उघडून उभा होता. त्यात किडे गेले. तो खोकत खोकत गाडीत जाऊन बसला, काचा वर करून. प्रोफेशनल माणूस.

उपाय एकच होता आणि तो सगळ्या शेतकऱ्यांना माहीत होता. इथले लाइट बंद करायचे आणि लांब तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, एक लाइट लावायचा, म्हणजे किडा तिकडे जातो. माझा एक माणूस छोटा जनरेटर घेऊन पारीवर धावला. पण इथे हजारो माणसं, बायका, लेकरं. लोकांना अडवायला रोवलेल्या बांबूंच्या पलीकडे जेसीबीने खणलेले खड्डे, मागे बिनकठड्याची विहीर. अंधार झाला आणि एक जरी पळत सुटला तर काय होईल, हे मॅनेजरलाही समजलं. त्याच्या तोंडून इंग्रजीसुद्धा निघेना. मी मेन धरून उभा होतो, पण तो ओढवेना. तेवढ्यात शेजारी दोन टिचक्या वाजल्या.

"एक मिनिट. आता लाइट जाईल. कोणी हालू नका, मी नावं घेऊन राहिलो."

मी मेन ओढला. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार. एक लेकरू रडलं, मागे कोणीतरी ढकलाढकली सुरू केली, आणि काकांनी त्याच बाजूचं पहिलं नाव घेतलं. पूर्ण, वडिलांसकट. मग त्याच्या शेजाऱ्याचं. मग विहिरीकडच्या लोकांची, त्यांना उजेडात बसल्या बसल्या त्यांनी पाहून ठेवलं होतं. कोणाची पोरगी नर्स झाली, कोणाचा बैल पटात पहिला आला, कोणाच्या घरी जुळे झाले. ज्यांचं नाव आलं ते ऐटीत जागेवर थांबले, ज्यांचं आलं नाही ते आता येईल म्हणून थांबले. अंधारातच टाळ्या पडायला लागल्या. मला रडू आलं, कोणाला दिसलं नाही ते बरं झालं. इतकी वर्षं ज्या खोडीला आम्ही हसलो, तिनेच त्या रात्री माणसं वाचवली.

थोड्या वेळाने पारीवरचा लाइट पेटला आणि किडा तिकडे ओढला गेला. मी मेन टाकला. एकाही माणसाने जागा सोडली नव्हती. मॅनेजरने काकांचा हात धरला आणि स्वतःहून म्हणाला, काका, विजेता तुम्हीच सांगायचा. काकांनी सफारीची बटणं नीट केली.

उरलेल्या फेऱ्या झाल्या. सात नंबर जिंकला, तोच केरळचा पोरगा. काकांचा चेहरा तेव्हा पाहायला हवा होता तुम्ही. चौदातलं नेमकं तेच नाव, ज्याच्यामागे आठवडा घालवला होता. ते स्टेजवर गेले. बोट वर. दोन टिचक्या. एक मिनिट.

आणि सुरू झाले आभार. जमीनमालक. सरपंच. बांबू रोवणारे, एकेक. पोरगा हेल्मेट काखेत धरून उभा, पाहुणे घड्याळ बघताहेत, धानावरून पुन्हा एक-दोन किडे यायला लागलेले. मॅनेजरने माझ्याकडे पाहून गळ्यावरून बोट फिरवलं. मी मान हलवून नाही म्हटलं. त्याने पुन्हा फिरवलं. पुढच्या वर्षीचं काम माझ्या डोळ्यांपुढे आलं.

"अन् ज्याईनं आज आपल्याले उजेड देल्ला," काका म्हणत होते, "ते आपले..."

मी बटण दाबलं.

अँकर गाडीतून उतरून आलाच होता. त्याने दुसऱ्या माईकवरून आरोळी ठोकली, "अँड द विनर इज, नंबर सेव्हन!" नाव त्याला माहीतच नव्हतं. फटाके उडाले. काका स्टेजवर बोलतच होते. मग थांबले, माईककडे पाहिलं, टिचकी मारली, आणि कडेच्या जिन्याने हळूहळू उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात आले. माझी मान वर होईना.

"काल तुझा वायर लूज होता गा," ते म्हणाले. "पाहून घेजो. तुझंच नाव येऊन राहिलं होतं."

मी पाहतो म्हटलं. वायरला काही झालेलं नव्हतं, हे सगळी नोकरी फॅक्टरीत घालवलेल्या माणसाला कळलं नसेल असं तुम्हाला वाटतं का? मला नाही वाटत. जाताना ते दुकानाच्या पायरीवर थांबले, बोट वर केलं, आणि त्या केरळच्या पोराचं चारही तुकड्यांचं नाव रस्त्याकडे तोंड करून मोठ्याने घेतलं. समोरच्या पंक्चरवाल्याने वर पाहिलं आणि पुन्हा ट्यूब पाण्यात बुडवली.

काका गेले ते पुढच्या पावसाळ्यात, झोपेत. ज्या माणसाला काहीच थोडक्यात सांगता आलं नाही, त्याने जाणं मात्र थोडक्यात उरकलं. विहाराच्या सभागृहात शोकसभा झाली. माईक माझाच. समोर काकांचा हार घातलेला फोटो होता, खाली नाव नव्हतं. फ्लेक्सवाला उद्या देतो म्हणाला होता.

भाषणाला ग्रामपंचायतीचे एक माजी सदस्य उठले. काकांनी त्यांचं नाव शंभरदा तरी घेतलं असेल, वडिलांसकट. त्यांनी फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे वाकले आणि हळूच विचारलं, "माईककाकांचं पूर्ण नाव काय हो?" माईक सुरू होता. सगळ्या सभागृहाने ऐकलं.

मला माहीत नव्हतं. माझ्या फोनमध्ये ते 'माईक काका' म्हणून होते, तेवढेच. माझं बोट बटणाजवळच होतं. तेव्हा दाबायला नको होतं तर दाबलं, आणि आज दाबायला पाहिजे होतं तर सुचलं नाही. मी मागेपुढे बघत राहिलो. सदस्य घाम पुसत राहिले. समोर बसलेल्या सगळ्यांनी नजर खाली घातली, म्हणजे त्यांनाही माहीत नव्हतं.

मग बायकांच्या रांगेतून काकू उठल्या. काकू जुन्या वळणाच्या, संसार केला पण नवऱ्याचं नाव कधी तोंडून काढलं नव्हतं. 'हे' आणि 'अहो'वरच सगळं निभावलेलं. त्यांनी पदर सावरला आणि नाव घेतलं. काकांचं, त्यांच्या वडिलांचं, आडनाव, गाव. माईक नव्हता, तरी दारातल्या चपलांपाशी उभ्या माणसापर्यंत ऐकू गेलं.

सभागृहात कोणी जागचं हललं नाही.