आक्काचा फाटा

आक्का गेल्याची बातमी मला उंब्रजला एसटीच्या कंडक्टरनं आणून दिली. शाळेच्या फाटकाशी गाडी थांबवून तो खाली उतरला आणि पोरांसमोर डोक्यावरची टोपी काढून म्हणाला, "गुरुजी, तुमची भन गेली. शालनवहिनींनी निरोप दिलाय, असंच चला." शालन म्हणजे आक्काची सून. मी हातातला खडूही न ठेवता गाडीत बसलो. वाटेत तो एकदाच बोलला, "लय भांडली हो माझ्यासंगट. एक दिस सोडला न्हाई..." त्याला महिना होऊन गेला. आता लिहायला बसलोय, ते तिची आरती ओवाळायला नाही. आरती ओवाळणारे तिला आवडायचे नाहीत. तिनं मला एक वाक्य लिहायला सांगितलं होतं, ते मी लिहिलं नाही, म्हणून हा खटाटोप.

आक्का माझ्याहून बारा वर्षांनी मोठी, कुंडलच्या पुढं आत एका गावात दिलेली. दाजी लवकर गेले, पोरगा पलटणीत. मी मास्तर झालो तेव्हा संस्थेनं नेमणूक दिली ती नेमकी तिच्याच गावात, आणि उंब्रजला बदली होईतोवर कितीतरी वर्षं मी तिच्या सोप्यावर काढली. त्या गावाला रेल्वेचा एक फाटा होता, मोठ्या लाईनीपासून फुटलेला, अरुंद रुळांचा. सकाळी चार डब्यांची गाडी निघायची ती बायका आणि पाट्यांनी गच्च भरून. कृष्णाकाठची वांगी, मेथी, दह्याची गाडगी... सांगलीच्या मंडईत माल विकून बाया दुपारच्या गाडीनं परत. आक्का म्हणजे त्या डब्याची पाटलीणच. कुणाची पाटी कुठं ठेवायची, लेकुरवाळीला खिडकी कोणती, सगळं तिच्या शब्दावर. पुढं मोठी लाईन रुंद झाली, आमचा फाटा अरुंदच राहिला, आणि मग ती गाडी यायचीच बंद झाली. रूळ तेवढे जागेवर राहिले. बायांनी एसटी धरली, तर कंडक्टर म्हणायचा, "मावशे, ही काय मालगाडी हाय व्हय?" पाट्या टपावर, वांगी फुटलेली, रोज कटकट. एकेक करून बाया घरी बसल्या. आपल्या कमाईवर लुगडं घेणाऱ्या बाया दुसऱ्याच्या उसात खुरपायला जायला लागल्या. आक्का मात्र हटली नाही. कंडक्टरशी भांडत जात राहिली आणि एका संध्याकाळी पाटी खाली ठेवून मला म्हणाली, "बाळू, अर्ज लिव. फाटा परत सुरू झाला पायजे."

मी तेव्हा शहाणपण पाजळलं. ऊस ट्रकनं जातो, माणसं एसटीनं जातात, चार बायांच्या वांग्यांसाठी इंजिनात कोळसा कोण घालील? असला फाटा तोट्यातच जाणार, असं मी तिला बोटांवर मोजून समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आरं, तुजी शाळा नफ्यात चालतीया व्हय? मग लाव की तिला बी कुलूप." त्या दिवसापासून मी तिचा कारकून. ती सांगणार, मी लिहिणार, खाली बायांचे अंगठे. शाई तिच्या कमरेच्या पिशवीतच असायची, पांदीत कुणी भेटली तरी तिथंच अंगठा घ्यायची.

अर्जांच्या चळतीनं शेवटी दगडाला पाझर फुटला. अमुक दिवशी एक साहेब पाहणीला येणार, असं पत्र आलं. गावात दिवाळीच! आक्का आसपासच्या वाड्यांवर अंगठे गोळा करायला गेली आणि मागं गावाची सूत्रं आली माझ्याकडं. हायवेपासून गावापर्यंतचा रस्ता म्हणजे नुसते खड्डे. मला काळजी पडली की साहेबाच्या कमरेला हिसका बसला तर शेराही तसाच पडायचा. पाहुणा यायचा तर वाट नीट नको? श्रमदान ठरलं. बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी वाहून गावाचे हात तयार झालेले, त्यामुळं माणसांची वाण नव्हती. पण दगड कुठून आणायचा? कुणीतरी म्हणालं, फाट्याखाली खडी पडलीय की. आणि मी, बी.ए. झालेला मनुष्य, म्हणालो, "उचला. गाडी सुरू झाली की रेल्वे नवी टाकेलच." चार दिवसांत रस्ता हात फिरवावा असा गुळगुळीत झाला, आणि फाट्याचे रूळ मातीत उघडे पडले.

आदल्या दिवशी आक्का परतली. दोन्ही बघितलं. "कुणाचं डोस्कं ह्ये?" मी म्हणालो, माझं. ती शिव्या देईल असं वाटलं होतं. तिनं पाटी घेतली आणि रस्त्याच्या कडेची खडी भरून फाट्याकडं चालायला लागली. एकटी बाई अंधार पडेपर्यंत किती नेणार?

साहेब आले. फेटा झाला, नारळ झाला, चहा झाला. खुशीत येऊन म्हणाले, "तुमचा रस्ता फार छान आहे हो, जीपला एक धक्का बसला नाही. मग रेल्वे कशाला हवी?" सगळं गाव माझ्याकडं बघायला लागलं. मी मान खाली घातली. आक्का पुढं झाली. "आवं सायेब, ह्यो रस्ता चार दिसांचा हाय. ही खडी तुमच्याच रुळाखालची. आमी येड्यांनी काढली." साहेब हसले. भला माणूस होता, पण म्हणाला, "आजी, मला डोळ्यांना दिसतं तेच लिहावं लागतं." नकार आला. पावसाळ्यात रस्ताही वाहून गेला. हसं झालं ते झालंच, वर हातात काही राहिलं नाही.

आक्का माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी म्हणाली, "अर्ज लिव. आणि त्यात लिव की खडी आमी काढली, रस्ता खोटा हुता." मी नाही लिहिलं. गावाची अब्रू जाईल म्हणालो, रेल्वे गुन्हा दाखल करील म्हणालो. खरं सांगायचं तर मास्तराची अब्रू जाईल ही भीती होती. पुढचा प्रत्येक अर्ज मी ते वाक्य वगळून लिहिला आणि तिला वाचून दाखवताना ते घातल्यासारखं वाचलं! तिला अक्षर येत नव्हतं. माझ्या सख्ख्या बहिणीला मी असं फसवलं. हे लिहिताना आज माझीच मला लाज वाटते.

तेराव्यानंतर शालननं रेल्वेकडून आलेला एक कागद माझ्यापुढं ठेवला. फाट्याचे रूळ उचलून नेणार, हरकत असेल तर कळवा, असं त्यात होतं. सोप्यावर बाया जमल्या होत्या. शालन म्हणाली, "मामा, आत्यांनी तुमच्याबिगर अंगठा दिला न्हाई कवा. आता काय करायचं?" रेल्वे परत सुरू करणं परवडेल का, हा हिशेब मला आजही सुटत नाही. कदाचित नाहीच परवडणार. पण ती नकोच म्हणून साहेबांनी जो कागद लिहिला तो माझ्या रस्त्याच्या जोरावर लिहिला, आणि त्यामुळं बायांची मंडई कायमची बुडाली. तेवढं तरी मला ठाऊक आहे.

मी अर्ज लिहिला. पहिल्याच ओळीत लिहिलं: पाहणीच्या वेळी दिसलेला रस्ता खोटा होता, त्याची खडी या फाट्याखालून माझ्या सांगण्यावरून काढली होती. खाली माझं पूर्ण नाव घातलं. मग कागद शालनच्या हातात दिला. ती सातवी शिकलेली. म्हटलं, मी वाचणार नाही, तू वाच. तिनं सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. त्या वाक्यापाशी थांबली, माझ्याकडं बघितलं. "मामा, मागच्या अर्जांत बी ह्येच हुतं न्हवं?"

"नव्हतं," मी म्हणालो.

शालननं कागद गुडघ्यावर धरला, आपली सही केली आणि शेजारच्या बाईचा हात धरून तिचा अंगठा शाईत बुडवला.