नातवाच्या जिभेची तपासणी

दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा मी चौतीस वर्षं पगार घेतला. ओझरच्या विमान कारखान्यात मी इन्स्पेक्शनला होतो. कुणीतरी घाम गाळून एखादा भाग बनवायचा आणि मी डोळ्याला भिंग लावून तो नापास करायचा, असं एकंदरीत कामाचं स्वरूप. निवृत्त झालो तेव्हा खात्यातल्या मंडळींनी मला एक नवं कोरं भिंग भेट दिलं. (प्रेमानं दिलं की सुटलो एकदाचे म्हणून दिलं, एवढं मात्र मी कधी तपासलं नाही.)

विमानं संपली, मग घर उरलं. माझी बायको सुमन भाजी आणायची, मी दांड्या मोजायचो. तिनं भांडी घासून ठेवली की मी एकेक उजेडाकडे धरून बघायचो. 'अहो, तुम्हाला पुन्हा कामावर घेतात का बघा ना!' असं ती म्हणायची. मला वाटायचं, कौतुक करतेय.

आता स्वतःबद्दल थोडं. मला दम्याचा त्रास आहे, सकाळ-संध्याकाळ पंप ओढावा लागतो. छातीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, 'पंप ओढला की प्रत्येक वेळी खळखळून गुळणी करायची.' मी ती सूचना ऐच्छिक विषयात टाकली. शिवाय माझे वरचे-खालचे सगळे दात खोटे. कवळी झोपताना काढून पाण्यात ठेवायची असं दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण मी झोपेतही घालूनच असायचो. भूकंप झाला, सगळी सोसायटी खाली जमली आणि मी बोळक्या तोंडानं उभा, हे चित्र मला सहन होत नव्हतं. (नाशिकला आमच्या पाथर्डी फाट्यावर भूकंप झाल्याचं मला तरी आठवत नाही. पण तयारी हवी!)

दोन महिने झाले, माझं तोंड सारखं चुरचुरत होतं. कशालाच चव लागत नव्हती. मी लगेच कारण शोधलं.

'सुमन, आमटी फिकी झालीय.'

'काल खारट म्हणालात.'

'काल खारट होती. आज फिकी आहे. तुझ्या हातात सातत्य नाही.'

बिचारीनं मसाला बदलला, तूरडाळ बदलली, शेवटी कुकर बदलला. तोंड बदलायला हवं होतं, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

अशात आमचा नातू घरी आला. मल्हार. सूनबाईचं, म्हणजे स्वातीचं, पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी लासलगावला झालं आणि तीन महिन्यांचं गुटगुटीत बाळ घेऊन ती नाशिकला आली. मुलगा कामासाठी महिनाभर पुण्याला. म्हणजे घरात कर्ता पुरुष मी! बाळाला रोज ड जीवनसत्त्वाचे थेंब द्यायचे होते, ते काम मी मागून घेतलं. ड्रॉपर भरायचा, थेंब मोजायचे, वेळ वहीत लिहायची. मी असताना थेंब इकडचा तिकडे झाला नाही.

दोन आठवडे झाले आणि एका बुधवारी मल्हारनं जांभई दिली तेव्हा मला त्याच्या जिभेवर पांढरा थर दिसला.

'दूध असेल,' सुमन म्हणाली.

'दूध पुसलं जातं. बघू.' मी ओलं फडकं बोटाला गुंडाळलं आणि पुसलं. थर जाईना. जरा जोर लावला. खाली लालभडक झालं आणि पोरानं असा टाहो फोडला की वरच्या मजल्यावरून 'काय झालं हो?' अशी हाक आली. मग मोबाइलची बॅटरी लावून मी भिंगातून पाहिलं. गालाच्या आतसुद्धा तसेच पांढरे ठिपके!

'अण्णा, त्याला डॉक्टरकडे नेऊ या ना,' स्वाती म्हणाली. 'दोन दिवस नीट पीत नाहीये. मलाही पाजताना खूप दुखतंय.'

'आधी कारण सापडलं पाहिजे,' मी म्हणालो. 'कारण न शोधता दुरुस्ती करायची नाही, हा पहिला नियम.' (हा नियम विमानाच्या सुट्या भागांसाठी होता. तीन महिन्यांच्या पोराला मी तो लावला आणि पाच दिवस घालवले. आजही स्वतःच्या मुस्कटात मारावीशी वाटते.)

कारण मला तासाभरात सापडलं. बाळ तीन महिने होतं कुठे? लासलगावला!

'अहो, तिकडून आलं तेव्हा जीभ स्वच्छ गुलाबी होती,' सुमन म्हणाली. 'मी स्वतः पाहिलीय.'

'दोष माल पोचल्यावर दिसतो. तयार होतो तो बनवतात तिथेच,' मी म्हणालो आणि विहीणबाईंना फोन लावला.

'नमस्कार विहीणबाई. बाळाच्या तोंडात काहीतरी झालंय.'

'अगं बाई! काय झालं, अण्णा?'

'तेच शोधतोय. तुम्ही बाटल्या उकळत होता ना?'

'बाटली नव्हतीच हो. आईचंच दूध पीत होता. वरचं पानी बी नाय दिलं.'

'मग हात?'

'हात धूतच होते की.'

'साबणानं?'

तिथं थांबायला हवं होतं. पण मला ऊत आला होता. 'राग मानू नका,' मी म्हणालो, 'पण आमच्याकडे स्वच्छतेची जरा सवय आहे. तुमच्याकडे बाजार, ट्रॅक्टर, कांद्याची टरफलं, सगळी माती. होतं असं.'

'आमच्याकडून काय चुकलं आसंल तर माफी करा, अण्णा,' त्या हळूच म्हणाल्या. 'पण लेकराला आधी दवाखान्यात न्या.'

फोन ठेवून मागे वळलो तर स्वाती मल्हारला खांद्यावर घेऊन दारात उभी. ती आत गेली आणि दार लोटून घेतलं. सुमननं त्या दिवशी मला चहा विचारला नाही. मी तो चवीचा प्रश्न सुटला असं समजलो!

रविवारी विहीणबाई सकाळच्या एसटीनं आल्या. पिशवीत मेथीच्या जुड्या, कांद्याची पात, नातवासाठी स्वतः शिवलेलं झबलं. आल्या आल्या बेसिनवर गेल्या आणि साबणानं हात धुतले. पुसले. पुन्हा धुतले. मग दाराजवळच्या खुर्चीत बसल्या आणि हात मांडीवर घट्ट एकात एक अडकवून ठेवले. आजीला पाहून मल्हार हातपाय झाडायला लागला.

'आई, घे ना त्याला,' स्वाती म्हणाली.

'नको गं बाई. माझे हात नको. बरं वाटू दे त्याला, मग घेईन.'

चार तास बाई तिथे बसल्या. लांबूनच 'कोन आलंय? कोन आलंय?' करत होत्या. पोरगं त्यांच्याकडे झेपावत होतं आणि त्या हात सोडत नव्हत्या. आणि मला, देवाशपथ सांगतो, समाधान वाटलं. चला, आपल्या सूचनेचा परिणाम झाला! तीन महिने ज्या हातांनी पोराला न्हाऊमाखू घातलं, ते हात मी एका फोनवर नापास केले होते.

सोमवारी सकाळी स्वाती पिशवी घेऊन दारात उभी राहिली. 'अण्णा, मी त्याला दवाखान्यात नेतेय. यायचं तर या.'

मी गेलो. वही घेऊन, भिंग घेऊन. सुमन माझ्यावर लक्ष ठेवायला आली. मुलांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. मी घसा खाकरून सुरुवात केली, 'बुधवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी...' तोवर त्यांनी बॅटरी मारून मल्हारचं तोंड पाहिलंसुद्धा.

'थ्रश आहे. तोंडातली बुरशी,' त्या म्हणाल्या. 'लहान बाळांना होतो, घाबरायचं कारण नाही. बाळाला तोंडात लावायचं औषध देते आणि आईला मलम. दोघांनी एकाच वेळी घ्यायचं, नाहीतर एकमेकांकडून पुन्हा पुन्हा होत राहतं. आणि हे लाल कशानं झालं? कुणी खरवडलं का?'

'पुसलं,' मी म्हणालो.

'पुसायचं नाही. बरं, घरात आणखी कुणाच्या तोंडाला त्रास? कुणाला कवळी आहे? दम्याचा पंप? मधुमेह?'

सुमननं सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं. स्वातीनंही पाहिलं. मला वाटतं, मल्हारनंही पाहिलं.

'मधुमेह नाही,' मी ठासून सांगितलं. 'साखर फक्त काठावर आहे.'

'बसा इथे. आ करा.'

'मी पेशंट नाही. मी आजोबा आहे.'

'आजोबा, आ करा. कवळी काढा.'

ज्या कवळीशिवाय मला भूकंपातसुद्धा कुणी पाहू नये, ती मी हत्तीची चित्रं असलेल्या छोट्या स्टुलावर बसून, सुनेच्या देखत, काढून हातात घेतली. बॅटरी आत आली.

'जिभेवर पांढरा थर, टाळू लाल. किती दिवस जळजळ होतेय?'

'दोन महिने,' सुमननं परस्पर सांगितलं. 'माझ्या आमटीला चव नाही म्हणतात.'

'पंपानंतर गुळणी करता? झोपताना कवळी काढता?'

मी दोन्ही वेळा छताकडे पाहिलं.

'मोठ्यांना हे असंच होतं,' त्या म्हणाल्या. 'पंपाचं औषध तोंडात राहतं, कवळीखाली ओल राहते, साखर वाढलेली असते, बुरशीला आणखी काय हवं? तुमच्या डॉक्टरांना दाखवा, साखरही तपासून घ्या. बाळाचा चमचा वगैरे तोंडाला लावत नाही ना?'

'छे! चमचा नाहीच,' मी म्हणालो. दात हातात असले तरी ताठ मानेनं म्हणालो. 'फक्त ड्रॉपर. बाहेरून आलेला माल तपासल्याशिवाय आत जाऊ देत नाही मी. रोज आधी एक थेंब स्वतः चोखून बघतो, मग त्याला देतो.'

स्वातीनं मल्हारला माझ्यापासून जरा लांब सरकवलं.

'रोज?' डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

'एकही दिवस चुकवला नाही,' मी म्हणालो. आणि मग, फार उशिरा, माझ्या डोक्यात उजेड पडला.

'हे बघा,' त्या म्हणाल्या, 'तुमच्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. ही बुरशी बहुतेकांच्या तोंडात थोडीफार असतेच, बाळाला ती कुठूनही येऊ शकते. पण ती थेंबांची बाटली आज फेकून द्या आणि चव बघणं बंद. आणि कुणामुळे झालं, कुणामुळे झालं, असं घरात भांडत बसू नका.'

ते तर आम्ही आधीच उरकलं होतं.

रिक्षात घर जवळ आलं तेव्हा स्वाती बाहेर बघत म्हणाली, 'अण्णा, काल माझी आई चार तास बसून गेली. त्याला हात न लावता.' एवढंच. रागावली असती तर मी उत्तर दिलं असतं. मी फक्त भिंग खिशात आत ढकललं.

औषध सुरू झालं. मल्हार दोन-तीन दिवसांत पुन्हा चुटूचुटू दूध प्यायला लागला, स्वातीचं दुखणंही उतरलं. मला माझ्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गुळण्या लावल्या आणि आठवडाभर कवळी काढून ठेवायला सांगितली.

'विहीणबाईंना फोन करतो,' मी म्हणालो. म्हणजे तोंडातल्या तोंडात म्हणालो, दुसरा इलाजच नव्हता.

'बोललात तेव्हा फोनवर बोललात, अण्णा,' स्वाती म्हणाली. 'आता समोर जाऊन बोला.'

'असा? बिनदाताचा? आठ दिवस थांबू या की!'

'माझी आई यायला आठ दिवस थांबली का?'

मी लासलगावला गेलो. बाजार समितीच्या रस्त्यावर कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग, त्यातून वाट काढत, तोंडावर रुमाल धरून. लोकांना वाटलं, कांद्यानं डोळ्यांत पाणी आलंय. व्याही लिलावाला गेले होते. विहीणबाई एकट्याच होत्या. मला पाहून घाबरल्या.

'काय झालं अण्णा? लेकरू बरंय ना?'

'बरं आहे. चूक माझी होती. माझ्याच तोंडात होतं ते. तुमचे हात...' पुढचं वाक्य मी एसटीत दहा वेळा पाठ केलं होतं. पण दात नसल्यानं अर्धं वाऱ्यावर गेलं आणि उरलेलं रडण्यात. आरोप कसा खणखणीत करता आला होता!

बाईंनी थोडा वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, 'आधी जेवा.' आत गेल्या आणि वाटी घेऊन आल्या. दुधात भाकरी अगदी बारीक कुस्करली होती. न सांगता, न विचारता.

वाटी माझ्या हातात देताना त्या म्हणाल्या, 'हात धुतलेत हो मी, अण्णा. दोनदा.'

टोमणा असता तर मी तो आनंदानं गिळला असता. पण त्या अगदी मनापासून सांगत होत्या. मी घास तोंडात घेतला आणि असा हुंदका आला की दूध-भाकरी सगळी त्यांच्या धुतल्या लुगड्यावर!

'आसू द्या, आसू द्या,' त्या पदर झटकत म्हणाल्या आणि माझी हनुवटी पुसायला फडकं पुढे केलं. 'तीन म्हैने ह्याचीच सवय हाय मला.'

फरक इतकाच, की नातवाला निदान पुढे दात यायचे आहेत. आणि अक्कलही.