हरणांसाठी मोड आलेले ओट्स
लेकीच्या लग्नाआधी ओट्स म्हणजे डब्यातलं ते चपटं, बेचव प्रकरण, एवढंच मला ठाऊक होतं. मग आमचे अमेरिकन व्याही म्हणाले, की ते हरणांसाठी ओट्स पेरणार आहेत, आणि माझे कान टवकारले. पेनसिल्व्हेनियात रानाला लागून त्यांची जमीन आहे. वेस्ट विंडसरला माझ्या परसात हरणांपासून चार भेंड्या वाचवताना माझ्या नाकी नऊ येतात आणि हा माणूस त्यांना जेवायला बोलावतो! मी म्हटलं, मलाही यायचंय.

बियाण्याच्या दुकानात एका पिशवीवर शिंगं मिरवणारं रुबाबदार हरीण होतं, शेजारी साधी गोणी. मी अर्थातच चित्राकडे वळले.

"हरणांना पिशवी वाचता येत नाही," व्याही म्हणाले आणि साधी गोणी उचलली. बी जुनं नाही ना, एवढं मात्र त्यांनी विचारून घेतलं.

परतताना मी त्यांचं डोकं खाल्लं. गहू का नाही? ओट्स झटपट उगवतात, कोवळा पाला हरणांना फार आवडतो. कडाक्याच्या थंडीत जगतात का? नाही, मरतात.

"पण तोवर आपलं काम झालेलं असतं," ते म्हणाले. कोणतं काम, हे विचारायचं तेवढं राहून गेलं.

गोणी लेकीच्या गॅरेजमध्ये उतरवली. मी आठवडाभर तिच्याकडेच होते. आता, जन्मभर मटकीला मोड आणणारी बाई बी कोरडं कसं पेरू देणार? पेरणीच्या आधी मी अर्धी गोणी भिजवली आणि जुन्या सुती साडीत बांधून ठेवली. छान टपोरं झालं, पांढरे कोंब डोकावले.

"आई, व्हॉट डिड यू डू?" लेक किंचाळली.

गळ्यात अडकवून दांडा फिरवायचं पेरणीयंत्र त्या ओल्या बियांनी पार तुंबलं. व्याही पोट धरून हसले. कोरडं बी त्यांनी यंत्राने पेरलं आणि ओढ्याकडचा कोपरा मला दिला. तिथे मी मुठीमुठीने बी फोकलं. माझा हात सैल, त्यामुळे कोपरा दाट उगवला, हिरवागार. लेक फोटो पाठवायची. एका फोटोत माझ्याच कोपऱ्यात तीन हरणं मान खाली घालून चरत होती. मी तो फोटो सगळ्या मैत्रिणींना दाखवला.

थँक्सगिव्हिंगला गेले, तर त्या कोपऱ्यासमोरच्या झाडावर मचाण होतं.

"म्हणजे हे... शिकारीसाठी?" मी विचारलं.

"अर्थात," ते सरळपणे म्हणाले. त्यांनी काहीच लपवलं नव्हतं. घरी आल्यावर फ्रीजरमधून त्यांनी मांसाचा एक पुडा काढून माझ्या हातात ठेवला. "तुमच्या कोपऱ्यातलं आहे. पहिला मान तुमचा. तुमच्या पद्धतीने करा ना."

मला एकदम भरून आलं, रागही आला. दर रविवारी मी मटण आणते. तो बोकड काय चरला, हे आजवर एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. पुडा परत करावा, असं फार वाटलं. पण मग रविवारच्या मटणाचं काय सांगणार होते मी?

कांदा-खोबरं भाजलं, वाटण केलं, मंद आचेवर रस्सा शिजवला. व्याह्यांनी दोनदा वाढून घेतला. मीही जेवले. चव चांगली होती, आणि म्हणूनच घास गिळताना मला रडू आलं.