शेषरावची शेवटची हरकत

“तुला कुणी इचारलं व्हतं का रे, शेषू? साहेबानं इचारलं? मी इचारलं? मंग जिन्यावरची खोली तुझ्या तोंडातून पडलीच कशी?”

महापालिकेच्या झोन कार्यालयात, सुनावणीच्या खोलीत, आक्का ओरडत होती. तिचा आवाज पार छावणी भागापर्यंत गेला असेल. बाहेर बाकड्यांवर बसलेले शे-दीडशे लोक मालमत्ता कराच्या आपापल्या नोटिसा विसरून दारात गोळा झाले. आक्का म्हणजे शेषरावची थोरली बहीण, वय पंचाहत्तर. शेषराव म्हणजे माझा चाळीस वर्षांपासूनचा दोस्त. तो मात्र साहेबाकडं बघत शांत बसला होता, जणू ओरडणारी बाई दुसऱ्याच कुणाची बहीण होती. ती आमची शेवटची भेट. आठव्या दिवशी दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. आक्काचा फोन आला, “दिगंबर, शेषू उठंना.” एवढंच बोलली, आणि तेही हळू…

शेषराव मूळचा कन्नड गावचा. पैठणच्या आयटीआयमध्ये पोरांना मोजमाप शिकवायला तो तीस वर्षं शहरातून एसटीनं गेला-आला. पुढं त्याला मोजण्याचं व्यसनच लागलं. माझ्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा आधी चौकट मोजली, मग पाणी प्यायला. माझ्या लग्नात तर मंगलाष्टकं चालू असताना त्यानं भटजींच्या कानात सांगितलं की बोहलं डाव्या अंगाला अर्धा इंच कललंय. भटजी एक ओळ चुकले. माझा संसार त्या अर्ध्या इंचामुळंच थोडा तिरका चालला असं मी बायकोला अजून सांगतो, ती ऐकून घेते.

तो रिटायर झाला आणि शहरात करासाठी घरांचं फेरमूल्यांकन निघालं. महापालिकेनं नेमलेल्या एजन्सीची माणसं टॅब घेऊन दारोदार फिरली, आणि मग घरोघर नोटिसा आल्या. कुणाचं न्हाणीघर दुकान झालं, कुणाच्या तुळशीवृंदावनाला मजला चढला. अर्धी गल्ली हरकतीचा अर्ज लिहून घ्यायला शेषरावच्या ओट्यावर. त्याची अट एकच. आधी घर तो स्वतः मोजणार आणि टेप जे सांगेल तेच लिहिणार. एका शेजाऱ्याचं घर नोटिशीपेक्षा मोठं निघालं, तेव्हा शेजाऱ्यानं केलेला चहा परत आत नेला. शेषराव म्हणाला, “चहा नसू दे, पण तुझी पडवी लई सुबक आहे.”

आक्काची गोष्ट मात्र वेगळी. सर्वेक्षक तिच्या घरी पोचला तो नेमका नातीच्या हळदीच्या दिवशी. मे महिन्याचं ऊन, म्हणून गच्चीवर पत्र्याचा मांडव घातलेला. अंगणात आचाऱ्याच्या चुली, आत चार गावचे पाहुणे झोपलेले. त्यानं सगळं इमानानं टॅबमध्ये भरलं. गच्चीवर पक्कं शेड, अंगणात खानावळ, खोल्यांत भाडेकरू. नोटिशीप्रमाणं आक्काच्या घराला व्यापारी कर लागला, आधीच्या कितीतरी पट. तिचं सगळं नवऱ्याच्या पेन्शनवर. एवढा कर भरायचा तर पुढची खोली भाड्यानं द्यावी लागणार, आणि भाड्यानं दिली की कर अजून वाढणार. त्याहून तिला लागलं ते खानावळ या शब्दानं. आठ दिवस ती गल्लीत कुणाशी नीट बोलली नाही.

सुनावणीला शेषराव लग्नाचा अल्बम घेऊन आला. असला जाडजूड अल्बम, की रिक्षा एका बाजूला झुकली होती. साहेब म्हणाले, मांडव होता याला पुरावा काय? शेषरावनं अल्बम उघडून हळदीच्या पंगतीचं पान काढलं. त्या पंगतीत, गळ्यात ओळखपत्र, मांडीवर टॅब आणि पत्रावळीवर दौलताबादच्या किल्ल्याएवढा बुंदीचा ढीग घेऊन बसला होता खुद्द सर्वेक्षक. हळदीच्या घरातून आक्का कुणाला उपाशी जाऊ देते होय! मी बऱ्याच गोष्टी वाढवून सांगतो हे आमच्या गल्लीला ठाऊक आहे, बुंदीत थोडी भर माझीच, पण माणूस तोच होता. साहेबांनी चष्मा काढून हसून घेतलं. खानावळ गेली, शेड गेलं, भाडेकरू गेले. आक्कानं पदरानं तोंड पुसलं. आदेशावर सही करायला साहेबांनी पेन टेकवला, आणि शेषराव म्हणाला, “साहेब, एक राहिलं. जिन्यावर एक खोली आहे. तुमच्या माणसाला दिसली नाही. दहा बाय आठ.”

मग आक्का ओरडली, ते वर सांगितलंच.

बाहेर आल्यावर मी त्याला मनसोक्त शिव्या दिल्या. तो म्हणाला, “दिग्या, त्यांची चूक काढायला आलो ना आपण? मग आपली कशी ठेवायची?” आक्का त्याच्याशी न बोलता दुसऱ्या रिक्षात बसून गेली. पुढच्या आठ दिवसांत दोघं बोलले का, हे मी विचारलं नाही.

तो गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात आदेश आला. आक्कानं मला वाचायला बोलावलं. मांडव वजा, खानावळ वजा, जिन्यावरची खोली जमा. कर आधीपेक्षा थोडा जास्त, नोटिशीपेक्षा पुष्कळ कमी. पुढची खोली भाड्यानं द्यायची वेळ आता येणार नव्हती. तरी माझी जीभ वळवळलीच. म्हटलं, आक्का, अपिलाची मुदत अजून आहे. त्या खोलीला धड खिडकी नाही, अडगळीचा माळा आहे म्हणून लिहू. मोजणारा तर गेला, आता मापाचं कोण सांगणार?

आक्कानं कागदाची घडी घातली.

“दहा बाय आठच हाय ती. टेपचं दुसरं टोक मीच धरलं व्हतं.”