दाव्यातलं घर सोडून

वारज्याच्या प्लॉटवर एके काळी दीपमालाचंही नाव होतं, हे आता सांगून कुणाला पटायचं नाही. वडिलांनी, ज्ञानदेवांनी, तो दोन्ही लेकरांच्या नावानं घेतला होता. एका भाऊबीजेला धाकटा उत्तरेश्वर पाटावर बसल्या बसल्या हसत म्हणाला, "आक्का, इथं घर बांधायचंय. बँक म्हणते, एकच नाव पाहिजे. यंदा ओवाळणी तूच घाल." भाबडी बाई! मस्कतला लोकांच्या म्हाताऱ्या आयांना न्हाऊमाखू घालून रजेवर आलेली, विधवा, मूलबाळ नाही. सगळा जीव त्या भावात. परत जाण्याआधी तिनं हक्कसोडपत्रावर सही केली आणि वर पेढेही वाटले.

पुढं वडील गेले. त्यांच्या आजारपणात तिची शिल्लक दवाखान्यानं खाल्ली. उरलं वडिलांचं बिबवेवाडीचं दोन खोल्यांचं घर. हातपाय थकले की तिथं येऊन पडायचं, एवढीच तिची आस. उत्तरेश्वरनं कुलूप बदललं. वर म्हणाला, "तुझं आता इथं काय आहे?" तेव्हा कुठं तिनं अर्ध्या हिश्श्यासाठी दावा लावला.

दावा धड उभाही राहिला नव्हता, तोच भावाच्या वकिलांचा अर्ज आला. बाई परदेशात राहते, उद्या हरली तर आमचा कोर्टखर्च कुणाकडून वसूल करायचा? आधी तिच्याकडून तारण घ्या.

तिचे वकील सुदर्शन म्हणाले, "ताई, आत्ता घर कुणाचं हे कोर्ट बघणार नाही. दोनच गोष्टी बघेल. तुम्ही भारताबाहेर राहता का, आणि इथं तुमच्या नावावर पुरेशी स्थावर मिळकत आहे का?"

"बिबवेवाडीचं घर आहे की."

"ते सोडून. ज्याच्यावर भांडण आहे, ते धरत नाहीत."

"मग गरिबाला न्यायच नाही म्हणा."

"तसं नाही हो. पुण्यात राहत असता, तर नुसत्या गरिबीपायी तुम्हाला अडवलं नसतं. तुम्ही पोटासाठी समुद्रापलीकडं गेलात, तिथं कायदा आडवा येतो."

सुनावणीला वकिलांनी पोटतिडकीनं सांगितलं की ही सख्खी बहीण आहे, दावा खोटा नाही. न्यायाधीशबाईंनी सगळं ऐकून घेतलं. बाई काही वाईट नव्हत्या. "कायद्यानं मला इथं पर्याय ठेवलेला नाही," म्हणाल्या. रक्कम मात्र मागितली होती त्याहून पुष्कळ कमी ठरवली, मुदतही दिली. मग विचारलं, "रोख जमत नसेल तर मिळकत असलेला जामीनदार चालेल. जवळचं कुणी आहे?"

"आहे ना," दीपमाला चटकन म्हणाली. "वारज्याला प्लॉट आहे, माझ्या भावाचा."

जन्माची सवय ती. अडीअडचणीला कोण, असं कुणी विचारलं की तिच्या तोंडी एकच नाव यायचं. बोलून गेल्यावर तिचं तिलाच कळलं आणि तिनं पदर तोंडाशी धरला. उत्तरेश्वर दोन हातांवर उभा होता. मेला खाली मान घालून मोबाईल बघत राहिला.

रजा संपली, ती मस्कतला गेली. मालकिणीकडं उचल मागितली, मिळाली नाही. मुदत टळली आणि दावा फेटाळला गेला. वकिलांनी फोनवर सांगितलं, "सबळ कारण दाखवलं तर तो पुन्हा उभा करता येईल."

"कारण काय दाखवू, साहेब?" ती म्हणाली.

दरवर्षी भाऊबीजेला ती फोनच्या पडद्यावर भावाला ओवाळायची. यंदाही तिनं ताट केलं, निरांजन लावलं, फोन डब्याला टेकवून ठेवला. तो वाजला नाही. तूप संपत आलं तशी ती ताट घेऊन गच्चीवर गेली. ज्यांना भाऊ नसतो, त्या बायका चंद्राला ओवाळतात. पश्चिमेला बीजेची बारीक कोर होती. तिनं रडत रडत तिला ओवाळलं.