बाजेवरून खाली सोडलेला हात

सरदारबी, अख्ख्या आष्टीनं तुला मगरूर ठरवलं आणि तू ते कधी खोडून काढलं नाहीस. त्या लग्नघरात मी होते, म्हणून आता सगळ्यांना मी सांगते काय झालं ते. तू असशील तिथून ऐक, मध्ये बोलू नकोस.

एकोणीसशे सेहेचाळीस साली उषाचं लग्न होतं. वऱ्हाड वेशीशी आलेलं, वाजंत्री ऐकू यायला लागलेली, आणि नवरीचे हात अजून मोकळेच. त्या घरची रीत अशी, की हिरवा चुडा आधी वडील बाईला, मग नवरीला. वडील बाई म्हणजे उषाची काकू, द्वारकाबाई. ती ऐसपैस बाजेवर बसली आणि तिथूनच हात खाली सोडला. बांगड्या भरणारी सरदारबी जमिनीवर. हात ताठ आहे हे तिला कळत होतं, पण सगळे घाई करत होते. तिनं बांगडी सरकवली आणि ती तडकन वाढली, तुकडे भुईवर पडले.

लग्नघरात बांगडी वाढली. बायकांची तोंडं उतरली.

"काकू, खाली या," सरदारबी म्हणाली. "वरून हात दिला की आवळतोय. गुडघ्याला गुडघा लावून बसा."

"तुझ्यासाठी मी भुईवर बसू?"

"मंग मी चालले." तिनं गाठोडं बांधायलाच घेतलं.

हैदराबादेत इंग्रजी शिकलेली उषा चिडली. "सरदारबी, तू अगदी अ‍ॅरोगंट आहेस."

"म्हंजी काय?"

"आपल्या वाट्याचा नसलेला मान मागणारी."

सरदारबीचे डोळे लकाकले. "मोठ्या माणसालाबी म्हणता येतं का हे?"

"येतं की."

"मंग बराबर बघून वापर, पोरी. म्या मान न्हाई मागितला, जागा मागितली. मान बाजेवर बसलाय."

कुणीतरी पदराआड हसलं. उषालाही हसू आवरेना. ती धपकन सरदारबीसमोर बसली आणि हात पुढे केले. "भर माझ्याच आधी."

"अगं ए, मी मेले का?" म्हणत द्वारकाबाई अशी काही बाजेवरून उतरली, की बाज करकरली.

वऱ्हाड दारात पोचेतो दोघींचे हात हिरवेगार झाले होते. एकही बांगडी पुन्हा वाढली नाही. चुडा भरणारीच्या पाया पडायची रीत; त्याप्रमाणे उषा वाकली, तेव्हा सरदारबीनं आपल्या हाताला दोरा गुंडाळून माप घेतलं आणि तो तिच्या मुठीत दिला.

"साऱ्या गावाचे हात भरून राह्यले, माझे कुणी भरले न्हाईत. हैदराबादहून आण. अन् तूच भर, भुईवर बसून."

उषानं सासरी, हैदराबादला, गेल्यावर बांगड्या लगेच घेतल्या, पण माहेरी येणं लांबत गेलं. अठ्ठेचाळीसच्या पोलीस अ‍ॅक्शनच्या धामधुमीत रस्तेच बंद झाले. ती आष्टीला पोचली तेव्हा सरदारबी बहिणीकडे, मैमूनाकडे, निघून गेली होती. कुठल्या गावी, ते कुणालाच सांगता येईना. बांगड्या उषाच्या पेटीत राहिल्या. माप इतकं लहान, की दुसऱ्या कुणाच्या हातात त्या चढल्याही नसत्या.